जावई जिनची भट्टी दाखवायला नेणार आहे, तिथं असतंय काय?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात लेकीकडं स्कॉटलंडला चाललोय, पहिल्यांदाच. जावयानं मला न विचारता एका घरगुती जिन डिस्टिलरीचं बुकिंग करून टाकलंय. नवरा-बायको दोघंच चालवतात म्हणे. आमचं रसपानाचं ज्ञान मिसळीच्या कटापुरतं. दीड तास तिथं करायचं काय? प्यावीच लागती का? जावयापुढं अगदीच अडाणी दिसू नये, एवढं तरी कुणीतरी सांगा.

तांबडा_पांढरा:
काका, जावई सासऱ्याला स्वतःहून भट्टीवर नेतोय! नशीब काढलंसा. गेल्या गेल्या 'पहिल्या धारेची' मागा, खूश होतील.

गुळव्याचा_नातू:
अजिबात मागू नका! माझी तिथंच फजिती झाली. दोन वर्षांमागं भावाकडं गेलो होतो, तेव्हा अशीच एक भट्टी बघितली. आपल्याकडं पहिल्या धारेचं केवढं कौतुक. मी तसं बोललो तर मालकीणबाई हसायला लागल्या. पहिली धार त्या बाजूलाच काढतात, नेलपेंट पुसायच्या औषधासारखा वास मारती. शेवटची धारही नको, ती ओल्या पोत्यासारखी. मधली तेवढी ठेवायची. बाई थोडी तळहातावर घेऊन चोळायच्या, हुंगायच्या आणि भांडं बदलायच्या. मला आजोबाच आठवले. काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून गोळी बघायचे आणि 'उतरवा' म्हणायचे. थर्मामीटर नंतर आले.

जागा म्हणजे जुना गोठा. चुलवाण नाही, चिपाडाचा धूर नाही, विजेवर चालणारं तांब्याचं भांडं. घागरीचा गळा ओढून लांब केला तर दिसंल तसं. पण खरी मजा बरण्यांत. जुनिपरची फळं हातावर चुरडायला देतात, देवदाराच्या फळीला रंधा मारल्यासारखा वास. दिसायला काळी जांभळं, असतो तो झाडाचा शंकू. त्याशिवाय जिन म्हणताच येत नाही. त्याच्या शेजारी काय असावं? धने! पुढं लिंबाची साल, वेलदोडे. मी म्हटलं, ह्यात सुकं खोबरं आणि तीळ टाकला की कांदा-लसूण चटणीचीच तयारी.

प्यायची सक्ती नसती. वास घ्या, जिभंला टेकवा, बास. जावयापुढं एवढंच विचारा, "मधली धार कुठं सुरू झाली हे कसं ओळखता?" मग बाई अर्धा तास थांबत नाहीत.

फुलेवाडी_रिटर्न:
मूळ स्पिरिट, म्हणजे बिनचवीचा कडक अल्कोहोल, हे लोक विकत आणतात, तिकडं बहुतेक गव्हाचं. ह्यांनी केलं काय? दुसऱ्याच्या पिठाला आपली फोडणी.

गुळव्याचा_नातू:
भावा, बरेचजण विकत आणतात, खरं आहे. मीपण तोंडावर विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं, स्पिरिट गाळायला वेगळा कारखाना लागतो, आम्हाला परवडत नाही. पण मसाला त्यात भिजवून परत भट्टीला लावायचा, धार तोडायची, मग पाणी घालून साधारण ऐंशी टक्क्यांवरनं चाळिशीवर आणायची, हे सगळं त्यांचंच. पाणी जास्त झालं की जुनिपरचं तेल सुटून सगळं पांढुरकं होतं. फोडणी म्हण, पण करपली तर आमटी त्यांचीच जाणार.

आणि जिनच का? व्हिस्कीला स्कॉच म्हणवून घ्यायला पिंपात कमीत कमी ३ वर्षं ठेवावी लागती. तोवर घर चालायचं कशावर? जिन गाळली की थोड्या दिवसांत बाटलीत. आमच्या घरी गुळाचं असंच होतं, रवा, म्हणजे गुळाची ढेप, थंड झाला की मार्केट यार्डाची गाडी दारात.

तांबडा_पांढरा:
आणि काका, गाडी कोण चालवणार? स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. चालवणाऱ्याचा वाटा बऱ्याच ठिकाणी छोट्या बाटलीत भरून घरी देतात.

शाहूपुरीकर:
गाडी जावईच चालवणार. म्हणजे त्याची बाटलीत आणि माझी तिथंच, असा डाव दिसतोय. असू दे. बायकोला सांगून ठेवलंय, तिकडचे धने कसे असतात ते बघायला चाललोय.