क्लॅरोनेटवर वरच्या सी च्या पण वर घसीट कशी न्यायची? आवाज फाटतो

अमळनेरचा_बँडवाला:
राम राम मंडळी. वडलांच्या बँडमधे 6 वर्षं झाली क्लॅरोनेट वाजवतोय, बोहम सिस्टीमचं (चाव्यांची एक रचना) बी फ्लॅट आहे. अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या रॅप्सडी इन ब्लू ची क्लॅरोनेटवरची सुरुवात ऐकल्यापासून डोक्यात एकच खूळ, नवरदेव पारावर उतरला की तशीच घसीट (सूर न तोडता सरकत वर नेणं) मारायची आन डायरेक्ट अहिराणी गाण्यात घुसायचं. मधल्या डी पासून वरच्या सी पर्यंत (सी, डी, ई ही सुरांची इंग्रजी नावं) बोटं सरकवत जमतंय, पण मला ई पर्यंत जायचंय आणि सी आला की आवाज तिथंच अडकतो नाहीतर अशी किंकाळी निघते की परवा घोडाच बिथरला. रीड (तोंडाकडची फुंकायची पातळ पट्टी) अडीच नंबर, म्हणजे तीनपेक्षा मऊ. काय चुकतंय?

जळगावचा_भो:
घोड्याचं वाचून हसलो भो 😂

चुकत काही नाही, तुझी बोटं संपताहेत. बघ ना, मधल्या डी ला सहाही भोकं बंद असतात आणि एकेक बोट सरकवत सी ला आलास की पुढची सगळी उघडी, फक्त मागचा अंगठा. आता उघडायला राहिलंच काय? आणि ई ला तर डाव्या हाताचं दुसरं-तिसरं बोट परत बंद करावं लागतं, पहिलं उघडं, वर उजव्या करंगळीची ई फ्लॅटची चावी. म्हणजे बोटं उलटी फिरतात, मग घसीट बोटांनी कशी होणार, ती जिभेनं आणि घशानं करायची.

उलटं शिक. ई धर, बोटं हलवू नको, तोंडात "ई" म्हणतोय तशी जीभ असते ती हळूहळू "ऑ" कडे खाली ने, जबडा थोडा ढिला. सूर खाली घसरेल. आधी अर्धा सूर, मग रोज करत राहिलास तर सी पर्यंत. ते जमलं की खालून येताना बी च्या आसपास गुपचूप ई ची बोटं टाकायची पण जीभ खालीच दाबून, म्हणजे सूर वर उडत नाही, आणि मग जीभ वर सोडायची. ओठानं चावू नको, किंकाळी तिथूनच निघते.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी 2009 ला यावर पेपर काढला होता, त्यात पण हेच, वरच्या पट्टीत तोंडाच्या पोकळीचा जोर चालतो, खाली फारसा नाही.

आणि रॅप्सडीत पुढचं शोधू नको, ती घसीट बी फ्लॅट क्लॅरोनेटच्या सी वरच संपते. गर्श्विननं तर 17 सुरांची साधी चढती ओळ लिहिली होती, 1924 ला क्लॅरोनेटवाल्या रॉस गॉर्मननं तालमीत गंमत म्हणून ओढून वाजवली आणि गर्श्विनला ती आवडली.

चाळीसगाव_जुना_वादक:
वरचं बरोबर आहे. पण अडीचची रीड बदल, तीन घे, मऊ रीड वरती बसून जाते. आणि मे महिन्यात वरातीत रीड दोन गाण्यांत कोरडी होते, थांबलास की ओली कर. मींड (आपल्या गाण्यातली घसीट) ऐकायची तर रायचूरचे पं. नरसिंहलू वडवाटी ऐक, क्लॅरोनेटवर अख्खी गायकी आहे. आपण नुसतंच पॅं पॅं करतो.

जळगावचा_भो:
काका रीडबद्दल माझं जरा वेगळं मत, सूर वाकवायला अडीचच बरी. आधी वाकवणं येऊ दे, मग तीन.

अमळनेरचा_बँडवाला:
चार दिवस झाले. ई वरून डी च्या थोडं खाली येतोय, सी अजून लांब. गच्चीवर करतो, काल खालून आत्यानं हाक मारून विचारलं कुत्र्याला कोणी दगड मारला का रे. तीनची रीड आणलीय पण अजून पाकिटातच आहे, दोघांचं भांडण मिटू द्या आधी.