पेपर सगळ्यांना एकच, म्हणून शाळा सगळ्यांना सारखी?

कोयत्याचं पोर
परवा दहावीच्या निकालावर इथे एकाने लिहिलं, "बोर्डाचा पेपर सगळ्यांना एकच. उत्तरपत्रिकेवर बारकोड, तपासणाऱ्याला ना नाव कळतं ना जात. याहून मोठी समता कुठे आहे? तरी मागे राहिलात तर शाळेला दोष देऊ नका." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी केज तालुक्यातला. दसरा झाला की आई-बाप मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत. गावात तेव्हा हंगामी वसतिगृह नव्हतं. तिसरी-चौथीची दोन्ही वर्षं सहामाहीनंतर मी उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत काढली, धाकटीला सांभाळत आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधत. पाचवीत आलो तेव्हा भागाकार येत नव्हता. सहावीत 'पानी' म्हणालो म्हणून सरांनी उभं करून वीस वेळा 'पाणी' म्हणवून घेतलं, अख्खा वर्ग हसला. पुढे दहावीपर्यंत मी वर्गात हात वर केला नाही. पेपर एकच होता हो, पण त्या पेपरापर्यंत आम्ही एका वाटेने आलो नव्हतो. फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू याने 'सांस्कृतिक भांडवल' म्हटलं ते हेच. शाळा जे शिकवतच नाही, जे घरून यावं लागतं, त्याचेही मार्क धरते आणि नंतर त्यालाच हुशारी म्हणते.

निवृत्त गुरुजी, सातारा
ती पोस्ट माझी नाही, पण मला ती पटली. ३४ वर्षं जिल्हा परिषदेत शिकवलं. शाळा माणसं खाली ठेवण्यासाठी असते असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो कशासाठी? १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था उभी राहिली ती कशासाठी? माझे वडील रयतच्या वसतिगृहात शेतात राबून शिकले. ते नसतं तर आज मी दुसऱ्याच्या बांधावर असतो. आणि शिक्षकावर बोट ठेवण्याआधी मतदार याद्या, जनगणना, पोषण आहाराचे तांदूळ-डाळीचे हिशेब हे सगळं कोण करतं ते बघा. मला वर्षातले निम्मे दिवस वर्गात उभं राहायला मिळालं असतं तर तुमचा भागाकार मी करून घेतला असता.

कोयत्याचं पोर
गुरुजी, तुमचे वडील शिकले कारण कुणीतरी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली. म्हणजे नुसत्या 'एकच पेपर'ने भागलं नाही. तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

लालबागची लेक
'पाणी'वर मला बोलायचंय. माझे वडील गिरणीत, घरी मालवणी. १९८२ च्या संपात कामच गेलं. आईने मात्र हट्टाने आमच्याकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतलं, चुकलं की पुन्हा. बँकेच्या मुलाखतीत मी समोरच्यांसारखी बोलू शकले, म्हणून त्या नोकरीवर घर उभं राहिलं. वीस वेळा 'पाणी' म्हणवून घेणं चूक, पण प्रमाण भाषा शिकवूच नका म्हणणारे गरिबाच्या मुलाच्या हातातली शिडी काढतात. त्यांची स्वतःची मुलं ती घरीच शिकतात.

वऱ्हाडी मास्तरीण
ताई, 'शिकवूच नका' कोण म्हणालं? मी बीएडच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. ही चूक नाही, नियम आहे. ठरावीक जागी ठरावीक बदल होतो. अमेरिकेतल्या विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या मुलांच्या बोलीबद्दल हेच दाखवलं, की बोलीला स्वतःची शिस्त असते, पोरं मठ्ठ नसतात. बहिणाबाईंचं 'मियते' आपण पाठ्यपुस्तकात डोक्यावर घेतो आणि त्याच वर्गातल्या पोराने वहीत 'मियते' लिहिलं की लाल शाई. पोराने यातून काय समजायचं?

लालबागची लेक
कवितेत चालतं ते अर्जात चालत नाही, एवढंच समजायचं! बोलीचं कौतुक पक्की नोकरी असलेल्यांना परवडतं. मला त्या मुलाखतीत कुणी 'तुझी मालवणी गोड आहे' म्हणून घेतलं नसतं.

वऱ्हाडी मास्तरीण
पक्की नोकरी? मी आजही तासिका तत्त्वावर आहे. माझ्याबद्दल काही ठाऊक नसताना असं बोलू नका.

लालबागची लेक
ते माहीत नव्हतं, ते शब्द मागे घेते. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

पंचवीस टक्केवाला
ण आणि न बाजूला ठेवा थोडा वेळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागा द्यायला नकोत. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. माझी मुलगी त्याच पंचवीस टक्क्यांतली. श्रीमंत आणि गरीब पोर एका बाकावर बसावं की नाही, खरा प्रश्न तो आहे.

वऱ्हाडी मास्तरीण
दादा, एका बाकावर बसल्यावर तुमच्या लेकीच्या बोलण्याला कुणी हसत नाही ना?

पंचवीस टक्केवाला
हसतात. घरी येऊन आमच्याशी पण ती आता तसंच बोलते, त्यांच्यासारखं. आईला म्हणते, तू शाळेत येऊ नको, बाबांना पाठव.

कोयत्याचं पोर
जोतिराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे सांगितलं होतं, की शक्यतो शेतकरी वर्गातूनच शिक्षक घ्या, ते पोरांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. लालबागच्या ताई, तुमची आई तशी शिक्षक होती. चूक दुरुस्त करणारी, पण तुमच्याच बाजूची. मला वर्गात तसं कुणी भेटलं नाही. प्रमाण मराठी मीही शिकलो, आत्ता लिहितोय तीच. पण ती शिकायला मला आधी गप्प बसावं लागलं.

लालबागची लेक
हे मान्य. आई चूक काढायची तेव्हा हसणारं कुणी नव्हतं, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

निवृत्त गुरुजी, सातारा
कालपासून हे वाचतोय. सातवीतली एक मुलगी भाषणात 'लोनी' म्हणाली, मी तिला तिथेच थांबवून दुरुस्त केलं होतं. सगळ्यांसमोर. त्या वर्षी स्नेहसंमेलनात तिने नाव दिलं नाही. मी कारण विचारलं नाही, मला वाटलं लाजाळू असेल. पेपर एकच असावा यावर मी अजून ठाम आहे, ते काढून घेतलं तर गरिबाच्या हातात काहीच उरणार नाही. पण ती मुलगी लाजाळू नव्हती. चौथीपर्यंत गावच्या जत्रेत पोवाडे म्हणायची.