मदत हवी आहे: बर्फात चालेल, परवडेल आणि चालवायला मजा येईल अशी जुनी गाडी

पसरणी

नमस्कार मंडळी,

आम्ही सिरॅक्यूजला राहतो, न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला. माझा इथला पहिला हिवाळा बसनं आणि नवऱ्याच्या गाडीतून निघाला. आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळी सहाची पाळी लागली आहे. त्या वेळी आमच्या भागातून बस नाही आणि नवऱ्याचं ऑफिस नेमकं उलट्या दिशेला, त्यामुळे दुसरी गाडी घ्यावीच लागणार. बजेट सगळं मिळून ११ हजार डॉलर. त्यातच ८ टक्के सेल्स टॅक्स, नोंदणी आणि लागले तर टायर.

या भागाची कल्पना नसलेल्यांसाठी थोडं सांगते. इथं वर्षाला सरासरी १२० इंचांच्या आसपास बर्फ पडतो, म्हणजे तीन मीटर. अरबी समुद्रावरचा वारा सह्याद्रीला धडकून महाबळेश्वरला पाऊस ओततो, साधारण तसाच हा प्रकार. गार वारा ऑन्टॅरिओ सरोवरावरून येताना वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की बर्फ टाकतो. सरोवर खोल आहे, सहसा पूर्ण गोठत नाही, म्हणून हे फेब्रुवारीतही थांबत नाही. रात्री झोपताना काळा दिसणारा रस्ता पहाटे पाचला गुडघाभर बर्फाखाली असतो.

आता 'मजा' म्हणजे काय ते. मी गाडी शिकले बाबांच्या झेनवर, वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला जाता-येता. त्या गाडीत ताकद फारशी नव्हती, पण सेकंडला टाकून वळण घेतलं की ती काय करतेय ते हाताला आणि पाठीला कळायचं. ते मला परत हवं आहे. हातानं बदलायचे गिअर हवेत आणि गाडी बुटकी हवी. नवरा म्हणतो जुनी मोठी एसयूव्ही घे. दोन चालवून पाहिल्या. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी विचार करून वळते असं वाटलं. वर्षातले पाच महिने पांढरे असतात हे खरं, पण उरलेल्या सात महिन्यांत फिंगर लेक्स नावाच्या सरोवरांकडचे वळणावळणाचे रस्तेही आहेत, आणि मला ते हवे आहेत.

तीन गाड्या हेरल्या आहेत, तिन्ही मॅन्युअल:

सुबारू इम्प्रेझा हॅचबॅक, २०१३, १ लाख ४ हजार मैल, छोट्या डीलरकडे, ७,९०० डॉलर. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद. जन्मापासून याच गावात.

माझदा ३ हॅचबॅक, २०१५, दोन लिटरचं इंजिन, ७८ हजार मैल, ८,६०० डॉलर, घरगुती विक्री. फक्त पुढच्या चाकांना ताकद. मालक मागच्या वर्षीच व्हर्जिनियातून आले.

सुझुकी एसएक्स४, २०११, ४,८०० डॉलर. मारुतीनं भारतात सेडान म्हणून विकली तीच, पण इथली हॅचबॅक. ताकद दोन चाकांना, गरजेप्रमाणे चारही की कायम चारही (टू व्हील, ऑटो, लॉक) असं निवडायचं बटण आहे.

मन माझदावर आहे, पण ऑल व्हील ड्राइव्हशिवाय इथं गाडी घेणं वेडेपणा आहे असं ऑफिसात सगळेच सांगतात. खरंच का? आणि जुनी गाडी बघायला जाताना नेमकं काय तपासू?

सरोवरकाठ

ताई, मी रॉचेस्टरला बावीस वर्षं आहे. आधी टायरचे पैसे बाजूला काढा, उरतील त्यात गाडी घ्या.

चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागेवरून लवकर सुटते, चढ चढते. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबणं आणि वळणं ठरतं ते रबर रस्त्याला किती धरतंय त्यावर. मी हे फार वाईट रीतीनं शिकलो. माझ्याकडे चारही चाकांची भक्कम गाडी होती, टायर बारमाही आणि निम्मे झिजलेले. गाडी सुटायची इतकी झकास की मी वेग कमीच करत नव्हतो. एका उतारावर सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ चौक ओलांडून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात गेली. समोरून त्या क्षणी कोणी येत नव्हतं, एवढंच नशीब.

साधं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर उणे वीसलाही मऊ राहतं आणि त्यावर बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्या. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. आणि चारही घ्या. पुढे दोनच लावले तर वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर जाते.

ब्लिझॅक, एक्स-आइस, हक्कापेलिटा, हे तिन्ही हिवाळी टायर चांगले. मला मागच्या वर्षी लोखंडी रिमसकट आठशे डॉलरच्या आसपास पडले. वेगळ्या रिम घेतल्यात तर दर मोसमाला टायर उतरवून चढवायचा खर्च वाचतो.

ताम्हिणी

मी व्हर्माँटमध्ये आहे, माझ्याकडे २०१४ची इम्प्रेझा मॅन्युअल. काकांचं टायरचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण ऑल व्हील ड्राइव्हला इतकं बाजूला टाकू नका. त्यांनी चौकाचं सांगितलं, मी ड्राइव्हवेचं, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या वाटेचं सांगते. आमचा ड्राइव्हवे चढाचा आहे. शेजारची पुढच्या चाकांची गाडी, हिवाळी टायर असूनही, ओल्या बर्फात खालीच राहते, आणि मी वर येते.

चालवायला ती माझदाइतकी चपळ नाही, १४८ हॉर्सपॉवर जेमतेम वाटतात. पण बर्फातल्या वळणावर हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दिला की चारही चाकं मिळून गाडीला वळणातून ओढून काढतात, ती मजा वेगळीच आहे.

सुबारू घेतलीत तर दोन गोष्टी. २०१२-१३च्या काही इम्प्रेझांमध्ये इंजिन ऑइल जास्त खाण्याची तक्रार होती, तेव्हा ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक स्वतः काढून बघा आणि सर्व्हिसचे कागद मागा. चारही टायर सारखेच झिजलेले हवेत. एकच नवा घातला तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलवर सतत ताण येतो.

तुमचा ड्राइव्हवे सपाट आहे का? बर्फ ढकलणारा प्लाउ किती वाजता येतो?

पसरणी

ड्राइव्हवे सपाट आहे. मोठा रस्ता पहाटे चारपर्यंत साफ होतो, पण आमच्या गल्लीत प्लाउ सातनंतर. गल्ली दोनशे मीटरची आणि मला साडेपाचला निघायचं असतं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

ग्रीसचे_हात

बफलोहून लिहितोय. दहा वर्षं गॅरेजमध्ये आहे, त्यामुळे मी फक्त गाडीच्या पोटाबद्दल बोलतो.

रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्या खाऱ्या हवेनं कशा गंजतात ते आपण पाहिलेलं असतं. इथं तर मीठ थेट रस्त्यावर टाकतात आणि पाच महिने ते खालून उडत राहतं. वरून चकाचक गाडी लिफ्टवर चढवली की खाली हात घालवत नाही. म्हणून मी बनावटीचं वर्ष आणि मैल दुसऱ्या नंबरवर ठेवतो. गाडीनं किती हिवाळे मीठ खाल्लंय हा पहिला प्रश्न. तुमच्या यादीतली इम्प्रेझा दहाच्या वर हिवाळे याच मिठात आहे. व्हर्जिनियाच्या माझदानं इथला एकच पाहिला.

बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि जुनं पांघरूण न्या. पांघरुणावर आडवं होऊन खाली बघा. दारांखालची लांब पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना जॅक लावायची जागा, मागच्या चाकांना धरणारी चौकट, आणि ब्रेकच्या बारीक लोखंडी नळ्या. वरवरची तांबूस पावडर चालेल, ती सगळ्यांना असते. पापुद्रे सुटत असतील, बोटानं दाबल्यावर काही आत जात असेल, तर तिथून उठा आणि घरी जा. ब्रेकची नळी फुटली की पेडल थेट तळाला जातं. इथं दर वर्षी तपासणीचं स्टिकर लागतं आणि सांगाडा गंजून भोक पडलेली गाडी त्यात पास होत नाही. म्हणजे जीव वाचला तरी पैसे गेलेच.

चुंबक कशाला, तर पत्र्याची भोकं पुट्टीनं बुजवून वर रंग मारलेला असतो. तिथं चुंबक चिकटत नाही.

आणि हे नीट लक्षात ठेवा: खाली ताजा, काळाभोर, एकसारखा लेप दिसला तर खूश होऊ नका. विकण्याआधी मारलेला तो जाड लेप गंज झाकतो, वर ओल आत अडकवून तो वाढवतो. चांगलं कोटिंग तेलकट असतं, हाताला लागतं, दर वर्षी ऑक्टोबरमध्ये मारावं लागतं. तुम्ही जी घ्याल तिला पहिल्याच मोसमात ते करून घ्या.

एसएक्स४ मला आवडते, बर्फात ती खरंच चिवट आहे. पण सुझुकीनं अमेरिकेत गाड्या विकणं थांबवण्याचं २०१२ साली जाहीर केलं. पार्टसाठी आठवडा-आठवडा थांबायची तयारी असेल तर घ्या. सहाच्या पाळीला जाणाऱ्या माणसानं घेऊ नये.

कुठलीही गाडी पैसे देण्याआधी डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. मालक नाही म्हणाला तर त्यातच उत्तर आलं.

शुभदा_मॉन्ट्रिआल

आमच्याकडे क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. आणि इथं रस्त्यावर बघशील तर निम्म्या गाड्या पुढच्या चाकांच्या लहान हॅचबॅक. मीही तसलीच चालवते, मॅन्युअल, सात हिवाळे झाले.

मॅन्युअलचं सुख बर्फात जास्त कळतं. निसरड्यावर फर्स्टऐवजी सेकंडला सोड, क्लच अगदी हळू, चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. उताराला गिअर खाली घेऊन वेग तोड, ब्रेकवर नाचू नकोस. रात्री गाडी गिअरमध्ये ठेव, हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, ओला असला तर गोठून चिकटतो. पहिला बर्फ पडला की एखाद्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर जा आणि मुद्दाम जोरात ब्रेक दाबून बघ. एबीएसनं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेनं, पेडल पायाखाली थरथरतं, पहिल्यांदा माणूस घाबरून पाय काढतो. तिथं एकदा अनुभवलंस की रस्त्यावर पाय काढणार नाहीस.

गल्लीचं म्हणशील तर बंपरच्या खालच्या कडेइतका बर्फ होईपर्यंत काळजी नको. त्याच्या वर गेला की गाडी पोटावर बसते. मग फावडं, दुसरं काही नाही.

सरोवरकाठ

नवऱ्याची गाडी कुठली? ते किती वाजता निघतात?

पसरणी

सुबारू क्रॉसट्रेक, उंच आणि ऑल व्हील ड्राइव्हची. नऊला निघतो. …अरे हो.

सरोवरकाठ

झालं तर मग. फूटभर पडेल त्या दिवशी तुम्ही क्रॉसट्रेक न्या, पोटाखाली पावणेनऊ इंच मोकळी जागा आहे तिला. ते नऊला निघतील तोवर गल्ली साफ. किल्ल्या दाराजवळच्या एकाच खिळ्यावर ठेवा.

ताम्हिणी

हे मला सुचलं नाही. तसं असेल तर माझंही मत माझदाला.

एकच सांगते, घरगुती विक्रीत न्यूयॉर्कच्या जुन्या गाड्यांच्या कायद्याचं संरक्षण नाही. डीलरकडे १ लाख मैलांच्या आतली गाडी घेतली तर तो ठरावीक मुदतीची वॉरंटी देतो. अर्थात तुमची ती इम्प्रेझा १ लाखाच्या पुढे असल्यानं तिथंही मिळाली नसतीच. तेव्हा लिफ्टवरची तपासणी हीच तुमची वॉरंटी समजा.

पसरणी

शनिवारी दोन्ही पाहिल्या, एसएक्स४ सोडून दिली.

इम्प्रेझा आधी. पांघरूण टाकून खाली बघितलं तर ग्रीसचे_हात यांनी लिहिलं होतं तसाच काळाभोर लेप. मागच्या चाकाजवळ दारांखालची पट्टी अंगठ्यानं दाबली आणि तळहाताएवढा पापुद्रा हातात आला. विकणारे म्हणाले, इथं सगळ्याच गाड्या अशा असतात. मी पांघरूण गुंडाळून निघाले. दादा, तुमची पोस्ट वाचली नसती तर ती गाडी मी घेतली असती. चालवायला ती मला आवडली होती.

माझदाचे मालक स्वतःच मेकॅनिककडे घेऊन आले. लिफ्टवर चढवल्यावर मी पण खाली उभी राहिले. ब्रेकच्या नळ्या स्वच्छ, पट्ट्यांच्या कडा धारदार, मागच्या चौकटीवर थोडी तांबूस पावडर. मागचा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाझरतोय आणि बॅटरी थकली आहे. त्याबद्दल त्यांनी ४०० डॉलर कमी केले. बॅटरी थंडीआधीच बदलणार.

आणि चालवली. गावाबाहेर ओटिस्को सरोवराकडे जाणारा रस्ता आहे, झाडं आत्ता लाल-पिवळी झाली आहेत. एका उतरत्या वळणावर थर्डवरून सेकंडला टाकली आणि पसरणी घाटातलं दत्तमंदिराच्या अलीकडचं वळण आठवलं. नवरा शेजारी होता. तो म्हणाला, तू शिकताना अशीच हसायचीस का?

८,२०० ला ठरली आहे. मंगळवारी नोंदणी.

शेवटचा प्रश्न. १६ इंची लोखंडी रिम आणि टायर बघून ठेवलेत. लावायचे कधी? आत्ता दुपारी पंधरा अंश असतं, इतक्यात लावले तर झिजतील ना?

ग्रीसचे_हात

झिजतील. पहाटेचं तापमान रोज सातच्या खाली यायला लागलं की लावा, तुमच्याकडे साधारण नोव्हेंबरचा पहिला आठवडा. अपॉइंटमेंट मात्र आजच घ्या. पहिला बर्फ पडला की दुकानांत दोन-दोन आठवडे जागा नसते. त्याच दिवशी लिफ्टवर असताना तेलकट कोटिंगही मारून घ्या. आणि चाकं लावल्यावर पन्नास-साठ मैलांनी नट परत आवळायला विसरू नका.