मदत हवी आहे: सिकलसेलची कागदी चाचणी, दुपारी एए नमुन्यातही मध्यभागी गडद ठिपका येतोय

बायोमेड_नागपूर

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुरू आहे. सिकलसेलची विद्राव्यता चाचणी नळीऐवजी कागदावर करायची आणि डागाचं मोजमाप मोबाइलच्या फोटोवरून काढायचं, असा विषय आहे. पद्धत आमची नाही, २०१३ साली प्रसिद्ध झालेली आहे. डायथायोनाइट (ऑक्सिजन काढून घेणारं) आणि सॅपोनिन (लाल पेशी फोडणारं) असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये रक्त मिसळायचं आणि थोड्या वेळाने एक थेंब क्रोमॅटोग्राफीच्या कागदावर सोडायचा. एस हिमोग्लोबिनचा, म्हणजे सिकलसेलमधल्या बदललेल्या हिमोग्लोबिनचा, गठ्ठा मध्यभागी अडकतो, विरघळलेलं हिमोग्लोबिन बाहेर पसरतं. म्हणजे एए (निरोगी) असेल तर सगळीकडे सारखा गुलाबी डाग, एएस (वाहक) असेल तर गडद मध्य आणि भोवती गुलाबी कडं, एसएस (रुग्ण) असेल तर गडद मध्य आणि जवळजवळ कोरं कडं.

आमची कृती: ईडीटीए नळीतलं (रक्त गोठू न देणारी नळी) २० मायक्रोलिटर रक्त, २०० मायक्रोलिटर बफर, १.५ मि.ली.च्या नळीत व्हॉर्टेक्सवर मिसळणं, १० मिनिटं थांबणं, मग २० मायक्रोलिटरचा थेंब व्हॉटमन नंबर १ कागदावर. कागद काचेच्या पट्टीवर ठेवलेला असतो. बफर एका लिटरचा एकदम बनवतो: डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६९ ग्रॅम, सोडियम डायथायोनाइट ५ ग्रॅम, सॅपोनिन १ ग्रॅम. तो फ्रिजमध्ये ठेवून पुरवून वापरतो. नमुने एका पॅथॉलॉजीतले उरलेले, नावं काढलेले, एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पक्की चाचणी) निकालासह मिळतात. एथिक्स कमिटीची परवानगी आहे.

अडचणी तीन. सकाळी एए नमुने बरोबर पसरतात, दुपारी त्यांच्याही मध्यभागी गडद ठिपका येऊन राहिला आहे. उलट काही दिवशी एएस नमुन्यांचा मध्य गायबच होतो. आणि फोटोतले आकडे एकाच डागासाठी दोनदा सारखे येत नाहीत. प्रयोगशाळेत एसी नाही, कूलर आहे.

गाईड सर म्हणतात, हे सोडा आणि क्रिस्परवर (डीएनएतला ठरावीक भाग ओळखणारं तंत्र) आधारित पट्टीकडे वळा. त्यावरही मत हवं आहे.

प्रयोगशाळेतली

तुमच्या पहिल्या दोन अडचणी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, म्हणून त्यांना एक कारण शोधू नका. एकीत नसलेला ठिपका येतोय, दुसरीत असलेला जातोय.

आधी एक कंट्रोल लावा, जो तुमच्या कृतीत दिसत नाही: तोच नमुना, तोच बफर, फक्त डायथायोनाइट न घालता. ऑक्सिजन काढून घेतला नाही तर एस हिमोग्लोबिनचा गठ्ठा बनतच नाही, त्यामुळे या डागात मध्यभागी काहीही दिसायला नको, नमुना एसएस असला तरी. दिसलं तर तो ठिपका सिकलचा नाही. मग दोनच शक्यता उरतात: पेशी पुरत्या फुटल्या नाहीत, किंवा कागदावर काहीतरी बिघडतंय. पेशी फुटल्यात का ते सूक्ष्मदर्शकाखाली ४०च्या भिंगाने लगेच कळतं. अखंड लाल पेशी कागदाच्या तंतूंत अडकतात आणि हुबेहूब सिकलसारखा गडद मध्य देतात. सॅपोनिन वनस्पतीपासून काढतात, बाटलीगणिक त्याची ताकद बदलते. तो बफरमध्ये जोराने हलवून विरघळवू नका, फेसातच अर्धा जाईल.

आता गायब होणाऱ्या ठिपक्याचं. लिटरभर बफर बनवून पुरवणं बंद करा. डायथायोनाइट घातलेला हा बफर फ्रिजमध्ये फार तर ७ दिवस धरतात, तोही घट्ट बंद बाटलीत. रोज बाटली उघडली की हवा आत जाते आणि डायथायोनाइट संपत जातं. फॉस्फेट आणि सॅपोनिनचा साठा वेगळा ठेवा, डायथायोनाइट वापरायच्या दिवशीच घाला, दर मि.ली.ला ५ मि.ग्रॅ. हिशोबाने. जिवंत आहे का ते बघायला थोडा बफर वेगळा काढून त्यात मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका. निळा रंग लगेच उडाला पाहिजे. रेंगाळला तर तो बफर फेकायचा.

आणि व्हॉर्टेक्स कशाला? गणित करून बघा. तुमच्या २०० मायक्रोलिटर बफरमध्ये डायथायोनाइट साधारण ५.७ मायक्रोमोल आहे. १.५ मि.ली.च्या नळीत वर उरलेल्या हवेतला ऑक्सिजनच ११ मायक्रोमोलच्या आसपास भरतो. नळी गरगर फिरवलीत की हवेतला ऑक्सिजन बफरमध्ये कालवला जातो आणि रक्ताची पाळी येण्याआधीच डायथायोनाइट खलास होतं. ०.५ मि.ली.ची नळी घ्या, म्हणजे वरची हवा पाव भागावर येते, आणि झाकण लावून हळूच चार-पाच वेळा उलटीपालटी करा. बरोबर झालं असेल तर लालभडक रंग जाऊन जांभळट काळपट रंग येतो. तो आला नाही तर थेंब टाकायचाच नाही.

एक सुरक्षेचं: कोरडी डायथायोनाइट पावडर ओल लागली की स्वतःहून तापते, प्रसंगी पेटते. बरणी कूलरच्या झोतात उघडी ठेवू नका, सिलिका जेलसोबत बंद ठेवा. पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम एवढ्या घट्ट फॉस्फेटमध्ये गढूळपणा आणतं, आणि गढूळपणा हाच तर मूळ नळीतल्या चाचणीचा निकाल असतो.

कागद_आणि_द्रव

ताईंनी रसायन सांगितलं, मी कागदाचं सांगतो. दुपारचा ठिपका माझ्या मते वाळण्याचा आहे.

नागपूरची मे महिन्यातली दुपार म्हणजे ४५ अंश आणि हवा सुकी खडंग. थेंब कागदावर पसरायला जेवढा वेळ लागतो, त्याच वेळात त्याची कड वाळत जाते. कड वाळली की पसरणं थांबतं, आणि हिमोग्लोबिन जिथे होतं तिथेच राहतं. त्यात तुमचा बफर आधीच जवळजवळ २.५ मोलर. पाणी उडालं की तो आणखी घट्ट होतो, आणि एका मर्यादेनंतर साधं ए हिमोग्लोबिनसुद्धा त्यातून खाली बसतं. म्हणजे कागदावर तुम्ही नकळत दुसरीच चाचणी करता आहात. कूलर लावला तर ओलावा वाढतो खरा, पण वारा एका बाजूने येतो. डाग वाऱ्याकडच्या बाजूला आधी वाळतो, मध्य दुसरीकडे सरकतो.

यावर खर्चिक काही नको. झाकणाचा प्लॅस्टिक डबा घ्या, तळाशी खाण्याच्या मिठाचा ओला चिखल ठेवा. मिठाचे खडे दिसत राहिले पाहिजेत. बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते आणि २५ ते ४० अंशांत ती फारशी हलत नाही, म्हणून नवतप्यातही चालेल. कागद आत घालण्याआधी डबा तासभर बंद राहू द्या. झाकणाला पिपेटच्या टोकापुरतं भोक पाडा, थेंब तिथूनच सोडा, भोकावर चिकटपट्टी लावा. पूर्ण पसरल्यावरच कागद बाहेर काढून वाळवा.

आर्द्रतेचं झालं, तापमान तरी उरतंच. एस हिमोग्लोबिनची विद्राव्यता तापमानावर अवलंबून असते, तेव्हा २५ ते २७ अंशांची एसी खोली मिळाली तर तिथेच बसा. फ्रिजमधला बफरही खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वापरू नका. तळाशी स्फटिक दिसले तर ते विरघळेपर्यंत थांबा.

काचेवर कागद टेकवणं बंद. काच आणि कागदाच्या फटीत द्रव ओढला जातो आणि डाग खालून पळतो. पुठ्ठ्याच्या चौकटीवर कागद ताणून मधोमध अधांतरी ठेवा. नंबर १ कागद ०.१८ मि.मी. जाडीचा, या कामाला पातळच. २० मायक्रोलिटरला तो लगेच भरतो आणि पातळ थरात हवा सहज शिरते, त्यामुळे एस पुन्हा ऑक्सिजन घेऊन सुटू शकतो. ३एमएमसारखा जाड क्रोमॅटोग्राफी कागद वापरून बघा. शिवाय कागदाच्या तंतूंना एक दिशा असते, डाग गोल न येता लांबट येतो. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने दिशेचा बाण काढा.

बायोमेड_नागपूर

ताई, सर, खूप आभार. डायथायोनाइट न घातलेला कंट्रोल लावला: दुपारी उघड्यावर एए नमुन्यात ठिपका तरीही आला, मिठाच्या डब्यात आला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अखंड पेशी दिसल्या नाहीत. म्हणजे पहिली अडचण वाळण्याचीच. जुन्या बफरमध्ये मिथिलीन ब्लूचा निळा रंग तसाच राहिला, ताज्यात क्षणात उडाला.

वजनाचं विचारायचं होतं. इतवारीच्या सराफ्यात मिळतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा चालेल का? रोज १० मि.ली. बफर पुरतो.

प्रयोगशाळेतली

१० मि.ली.ला ५० मि.ग्रॅ. लागेल. त्या काट्यावर ०.०५ ग्रॅम तोलताना शेवटच्या आकड्याची चूकच २० टक्के होते. ५० मि.ली. बनवा, ०.२५ ग्रॅम तोला, उरलेला संध्याकाळी टाकून द्या. नाहीतर केमिस्ट्री विभागाचा मि.ग्रॅ.चा काटा मागा. फॉस्फेटसाठी मात्र सराफी काटा उत्तम.

पिक्सेल

फोटोबद्दल. मोबाइल दर फोटोला एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवतो, एचडीआर चालू असेल तर गडद भाग मुद्दाम उजळतो. तुम्हाला जो फरक मोजायचा, तोच तो पुसतो. एचडीआर बंद, दोन्ही गोष्टी लॉक, आणि प्रत्येक चौकटीत करड्या रंगाचं कार्ड. खरं सांगायचं तर पहिल्या टप्प्यात मोबाइल बाजूला ठेवा आणि साधा फ्लॅटबेड स्कॅनर वापरा, ६०० डीपीआय, रंगसुधारणा सगळी बंद, डाग पारदर्शक पाकिटात. चाचणी चालते हे सिद्ध झाल्यावर मोबाइल आणा. नाहीतर चूक रसायनात की कॅमेऱ्यात, हे कधीच कळणार नाही.

इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांचे चॅनेल वेगळे करून हिरवा घ्या. हिमोग्लोबिन हिरव्या प्रकाशात चांगलं शोषतं. निळ्यात तर इतकं की डाग काळाठिक्कर होऊन फरक मिटतो. डागाची उजळता भागिले शेजारच्या कोऱ्या कागदाची उजळता, त्याचा ऋण लॉग. त्याआधी जेपेगचा गॅमा काढून आकडे सरळ रेषेत आणा. मग मध्याची सरासरी आणि कड्याची सरासरी यांचं गुणोत्तर धरा, नुसता मध्याचा आकडा नको. एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं, त्यामुळे त्याचा सगळा डागच फिकट येतो. स्कॅनची वेळही ठरवून ठेवा, कारण वाळताना रंग जांभळ्यावरून लाल आणि मग तपकिरी होत जातो.

जनुकशोधक

गाईड सरांच्या सूचनेबद्दल. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबीमध्ये देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने केलेली फेलूदा चाचणी बहुतेकांना कोविडमुळे माहीत आहे, सप्टेंबर २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली. पण तिच्या मुळाशी असलेलं काम सिकलसेलचा बदल ओळखण्याचंच होतं. एफएनकॅस९ हे क्रिस्परमधलं प्रथिन डीएनएतल्या एका अक्षराचा फरकही चालवून घेत नाही, आणि सिकलसेल हा नेमका एका अक्षराचा बदल आहे: जीएजीच्या जागी जीटीजी, म्हणून ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन.

तिचा मोठा फायदा असा की ती डीएनए बघते. नवजात बाळात एफ हिमोग्लोबिन (गर्भातलं हिमोग्लोबिन) भरपूर आणि एस थोडं असतं, म्हणून तुमची कागदी चाचणी ६ महिन्यांखाली वापरताच येत नाही. डीएनएला वयाचं बंधन नाही. पण आधी डीएनए काढणं, मग पीसीआर, मग पट्टी. थर्मोसायकलर आणि थंड साठवण नसेल तर शेवटच्या वर्षाच्या मुदतीत हे उरकणार नाही. हातातलं काम पूर्ण करा.

आणि जनुकोपचार आले, आता तपासणीचं काय महत्त्व, असं परीक्षक विचारतील. कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या जनुकोपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ ला आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी काढून बीसीएल११ए जनुकाचा लाल पेशींपुरता वर्धक भाग तोडतात, म्हणजे एफ हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. पण आधी बुसल्फान या केमोच्या औषधाने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, २०२३ च्या त्या मान्यतेत वयाची अट किमान १२ ची होती, आणि अमेरिकेत तेव्हा जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोली-गोंदियातल्या घरापर्यंत ते पोचेपर्यंत वेळेवर निदान, पेनिसिलिन, लसी आणि हायड्रॉक्सियुरिया (एफ हिमोग्लोबिन वाढवणारं औषध) यांवरच मुलं जगणार आहेत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली, ती याचसाठी.

प्रयोगशाळेतली

शेवटचं, निकालाच्या वहीबद्दल. प्रत्येक नमुन्यापुढे वय, हिमोग्लोबिन आणि मागच्या ४ महिन्यांत रक्त चढवलं का, हे तीन रकाने हवेतच. पॅथॉलॉजीकडून ते नावाशिवाय मिळू शकतात. रक्त चढवलेला एसएस कागदावर एएससारखा दिसतो. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर तेही लिहा. एस-बीटा थॅलेसेमियाचे काही रुग्ण एसएससारखे दिसतील. एसडी पंजाबचा (एका पालकाकडून एस, दुसऱ्याकडून डी हिमोग्लोबिन) रुग्ण तर एएससारखा दिसेल, कारण डी हिमोग्लोबिन या बफरमध्ये विरघळतं, आणि तो आजार मात्र एसएसइतकाच त्रास देतो. म्हणून प्रबंधात 'एएस ओळखतो' असं लिहू नका. 'एस हिमोग्लोबिन आहे की नाही ते ओळखतो, प्रमाणाचा अंदाज देतो' इतकंच लिहा. कागदी निकाल रुग्णापर्यंत जाता कामा नये, निदान एचपीएलसीचंच.

रोजच्या प्रत्येक बॅचला एक माहीत असलेला एएस आणि एक एए सोबत चालवा. दोघांतला एक जरी चुकला तर त्या बॅचचे सगळे डाग बाद. कचऱ्याचं: रक्ताचे कागद पिवळ्या पिशवीत, टिप्स आणि नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या पारदर्शक डब्यात. पिशव्या पॅथॉलॉजीच्या कचऱ्यासोबतच जाऊ द्या, कॉलेजच्या कचराकुंडीत नाही.

बायोमेड_नागपूर

सगळं लिहून घेतलं. जाड कागद मागवला आहे, तो आला की डब्यातले डाग स्कॅन करून इथे टाकतो, डायथायोनाइटविना कंट्रोलसकट.