मदत हवी आहे: नासाच्या ओरायन यानाच्या उष्णताढालीतला वायूदाब कसा काढायचा?

‘ढाल जळाली’ असे मथळे वाचून चीड येते. ढालीवरचा अ‍ॅव्हकोट नावाचा थर जळण्यासाठीच असतो! आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेच्या परतीत (डिसेंबर २०२२) बिघडलं ते वेगळंच. वातावरणात एकदा बुडी मारून यान वर उसळलं, तापणं मंदावलं, कोळशाचा थर हळू बनू लागला. आत मात्र वायू तयार होतच राहिले. पदार्थ पुरेसा सच्छिद्र नव्हता तिथे ते कोंडले, तडे गेले आणि १०० हून अधिक ठिकाणी कोळशाचे ढलपे उडाले.

अडलंय ते इथे: एकमितीय मॉडेलमध्ये पारगम्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) सगळीकडे कोळशाइतकी धरली, तर दाब साठतच नाही. मग ती तापमानाशी जोडायची की उरलेल्या घनतेशी? उसळीच्या काळात पृष्ठभागावर फक्त प्रारणाने होणारं थंड होणं धरलं तर चालेल का? अशा ढालींवर काम केलेल्यांनी कृपया सांगा.