एसव्हीएनवर काम करणारी टीम 'संपलेली' कशी?

अर्धविराम
काल इथे एका सदस्याने लिहिलं, "ज्या टीममध्ये आजही एसव्हीएन आहे तिथे नोकरी धरू नका, ती टीम संपलेली आहे." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. (एसव्हीएन म्हणजे सबव्हर्जन, कोणी कोणत्या फाइलीत काय बदललं याचा इतिहास एका सर्व्हरवर ठेवणारं जुनं व्हर्जन कंट्रोल टूल.) मला ते इतकं लागलं की वेगळा धागा काढतोय.

आम्ही नऊ जण. कोड लिहिणारे चार, बाकीचे चित्रं, थ्रीडी मॉडेल आणि आवाज यांवर काम करतात. एकेक फाइल दोन-तीनशे एमबीची. अशी फाइल मर्ज होत नाही, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जोडता येत नाहीत. दोघांनी एकाच वेळी हात घातला की एकाची मेहनत पाण्यात. एसव्हीएनमध्ये नीड्स-लॉक लावलं की फाइल रीड-ओन्लीच येते, लॉक घेतल्यावरच बदलता येते. हवा तेवढाच फोल्डर चेकआउट करता येतो, म्हणजे आपल्या मशिनवर उतरवता येतो. कोणाला कोणता फोल्डर दिसावा हेही ठरवता येतं.

'सगळे तेच वापरतात' म्हणून आम्ही गिट या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोल टूलवर गेलो होतो. चित्रकार मंडळी स्टेज, कमिट, पुल, पुश (बदल निवडा, नोंदवा, सर्व्हरवरचे आणा, आपले पाठवा) यांत अडकायची. शेवटी पेनड्राइव्हवरून फाइली देऊ लागली. म्हणजे व्हर्जन कंट्रोलच उरलं नाही. तीन महिन्यांत परत फिरलो आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

वळणवाट
कालची पोस्ट माझी नाही, पण मत तेच आहे. गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडीमध्ये लॉक 2017 पासून आहे आणि क्लोन करताना, म्हणजे प्रकल्पाची प्रत आपल्या मशिनवर घेताना, त्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या खाली येत नाहीत. स्पार्स चेकआउटची, म्हणजे हवे तेवढेच फोल्डर उतरवण्याची, तर 2020 पासून स्वतंत्र कमांड आहे. तुम्ही गिट शिकवलं नाही आणि दोष गिटला दिलात.

माझं सांगतो. आधीच्या कंपनीत एसव्हीएनच्या सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप रोज 'यशस्वी' दाखवत होता, उघडला तर रिकामा. सहा वर्षांचा इतिहास गेला, हातात राहिली ती प्रत्येकाच्या मशिनवरची शेवटची प्रत. कोणती ओळ का बदलली हे सांगणारं काहीच नाही. गिट असतं तर प्रत्येक क्लोनमध्ये तो इतिहास होता.

अर्धविराम
तो बॅकअपचा दोष आहे, एसव्हीएनचा नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या साइटच्या इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला आणि त्यांचेही बॅकअप ऐनवेळी कामाला आले नाहीत. सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

वळणवाट
गेला तो इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि कमेंटचा. गिट रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास, शाबूत होते! माझाच मुद्दा सिद्ध केलात.

हस्तलिखित
कमेंट गेल्या तर काय उरतं? मी मर्क्युरियलवाली, तेही गिटसारखंच टूल. बिटकीपर या आधीच्या टूलने लिनक्स कर्नलवाल्यांना फुकट वापर बंद केला तेव्हा, एप्रिल 2005 मध्ये, गिट आणि मर्क्युरियल दोन्ही जन्मली. कमांड कितीतरी सरळ म्हणून आम्ही मर्क्युरियल घेतलं. बिटबकेट ही कोड ठेवायची साइट, ते तर सुरूच मर्क्युरियलवर झालं होतं, त्यांनीच 2020 मध्ये ते काढून टाकलं. कोड आम्ही रूपांतर करून वाचवला. पण चार वर्षांच्या पुल रिक्वेस्टवरची ('माझे बदल घ्या' या विनंत्यांवरची) चर्चा, प्रत्येक निर्णयामागचं कारण, तिथेच राहिलं. तुम्ही टूलवर भांडताय. कोड कोणाच्या घरात ठेवलाय हे आधी बघा.

निळी शाई
आणि घरातली माणसं इतिहास खोडत असतील तर? कोणीच रिबेसबद्दल, म्हणजे झालेले कमिट नव्याने रचण्याबद्दल, बोलत नाहीये.

आमच्यातल्या एकीने शुक्रवारी दोन दिवसांचं काम सामायिक ब्रांचवर (सगळ्यांच्या कामाच्या शाखेवर) पुश केलं आणि लॅपटॉप जमा करून कंपनी सोडली. सोमवारी दुसऱ्याने आपली शिळी प्रत रिबेस करून फोर्स पुश मारला, म्हणजे सर्व्हरवरच्या ब्रांचवर आपली प्रत लादली. तिचे कमिट सर्व्हरवरून नाहीसे. तिसऱ्या एकाने शनिवारी फेच केलं होतं, म्हणजे सर्व्हरवरचे कमिट उतरवून घेतले होते, म्हणून त्याच्या क्लोनमध्ये सापडले. एसव्हीएनमध्ये असं आपोआप घडूच शकत नाही.

वळणवाट
सामायिक ब्रांचवर फोर्स पुश करणारा माणूस चुकला. ब्रांच प्रोटेक्ट करा, फोर्स-विथ-लीज वापरा, सर्व्हरवर आपण न आणलेलं काही असेल तर ते पुश अडवतं. रिबेसशिवाय इतिहास म्हणजे 'मर्ज ब्रांच' या ओळींची जाळी. वाचणार कोण?

निळी शाई
एडिटर मागच्या मागे फेच करत असेल तर लीजही फसतो, आपण ते बदल पाहिलेत असंच धरतो. आणि इतिहास वाचायला सुंदर नको, खरा हवा. तुमच्यासारख्यांना कोड चालण्यापेक्षा कमिटचा आलेख सरळ दिसण्याची काळजी जास्त.

वळणवाट
वैयक्तिक होऊ नका. पंधरा वर्षं इतरांचे कॉन्फ्लिक्ट सोडवतोय, मला काळजी शिकवू नका.

कोरा कागद
दोघांनाही एक सांगतो. आमच्याकडे प्रत्येक पुल रिक्वेस्ट स्क्वॉश होते, म्हणजे तिचे सगळे कमिट मिळून एकच होतो. परवा बायसेक्ट (चूक कोणत्या कमिटमध्ये आली हे शोधणारी कमांड) लावलं, त्याने बरोबर दोषी कमिट दाखवला: दोन हजार ओळींचा. आतले तीस छोटे कमिट स्क्वॉशमध्ये गेलेले. पूर्ण दिवस गेला. उलट 'चालेना', 'परत बघतो' असले कमिट तसेच ठेवले की बायसेक्ट मोडक्या बिल्डवर अडकतं. पुश करण्याआधी आपल्याच मशिनवर रिबेस करून कमिट नीट लावा, पुश झाल्यावर हात लावू नका.

निळी शाई
पुश करण्याआधी चालेल. तेवढंच. वळणवाट यांचं म्हणणं मान्य केलं असं कोणी समजू नये.

अर्धविराम
धागा माझा होता आणि रिबेसने खाल्ला. असो. एलएफएसचं लॉक आम्ही तेव्हा बघितलंच नव्हतं, हे कबूल करावं लागेल. फोल्डरनिहाय वाचण्याची परवानगी मात्र गिटमध्ये नाही, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

वळणवाट
नाही, ती नाही. वेगळे रेपो करावे लागतात आणि ते कटकटीचं आहे, मान्य.

अर्धविराम
मग पुढचा छोटा प्रकल्प एलएफएसवर करून बघू. चित्रकारांना बटणं असलेलं क्लायंट देणार, टर्मिनल नाही. त्यांनी महिन्याभरात पेनड्राइव्ह काढला तर मी परत एसव्हीएनवर.

वळणवाट
लॉक लागणाऱ्या फाइलप्रकारांपुढे गिटच्या सेटिंग-फाइलीत, म्हणजे गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये 'लॉकेबल' लिहा. ते राहिलं तर फाइल रीड-ओन्ली येणार नाही. आणि सर्व्हर लॉकिंगला साथ देतो का ते आधी तपासा, सगळे देत नाहीत.