इंडियन हेड सेंट: आरसा दिसला म्हणजे प्रूफ झालं का?

भिंगवाला: अमेरिकेच्या जुन्या सेंटबद्दल स्पष्टच बोलतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. कुणी 1880 नंतरच्या इंडियन हेडचा (पिसांचा टोप घातलेलं डोकं असलेला सेंट) चकचकीत फोटो टाकला की खाली लगेच 'प्रूफ आहे, अभिनंदन' सुरू होतं, आणि मग तो माणूस प्रूफच्या भावाने विकायला काढतो. माझं म्हणणं, चमक सगळ्यात शेवटी बघा, आधी रिम, म्हणजे कडेची उभारलेली पट्टी, बघा. प्रूफ म्हणजे पॉलिश केलेल्या डायने (ठसा उमटवणाऱ्या साच्याने), पॉलिश केलेल्या चकतीवर, सावकाश आणि जास्त दाबाने मारलेलं नाणं. धातू पार कोपऱ्यात शिरतो, म्हणून रिमची आतली-बाहेरची धार काटकोनात येते, कडेचे दाणे एकन् एक सुटे दिसतात, पिसांची टोकं भरलेली असतात. साध्या, म्हणजे चलनासाठी काढलेल्या, नाण्याची रिम कुठेतरी गोलसर राहतेच. आणि चमक काय, डाय नवीकोरी असली किंवा दोन डाय आपटून उमटलेल्या खुणा टांकसाळीत घासून काढल्या की त्यानंतरची काही साधी नाणीसुद्धा आरशासारखी निघतात.

कोथरूडकर: अजिबात पटलं नाही. प्रूफ संग्राहकांसाठीच काढायचे, बघायला सुंदर दिसावं म्हणून, मग आरसा हाच पहिला पुरावा नको का? रिम काय, एकदा नाणं फरशीवर पडलं की गेली. शिवाय साधी नाणीही कधीकधी जबरदस्त ठाशीव येतात, त्यांना काय प्रूफ म्हणणार? मी नाणं दिव्याखाली तिरकं धरतो. लस्टर, म्हणजे नव्या धातूची झळाळी, चक्रासारखं गरगर फिरलं तर साधं, फील्ड (चित्र-अक्षरांमागचा सपाट भाग) काळंभोर खोल दिसलं आणि अक्षरांचं प्रतिबिंब त्यात पडलं तर प्रूफ.

भिंगवाला: मग इंडियन हेडनंतर आलेल्या लिंकन सेंटचं काय करणार? 1909 ते 1916 मॅट प्रूफ काढले, त्यांना आरसा नाहीच, सगळा पृष्ठभाग बारीक रवाळ. लोकांना ते आवडलेच नाहीत, 1916 नंतर बंद झाले ते थेट 1936 ला परत सुरू झाले. तिथे तुमचा दिवा काय सांगणार? तिथे चपटी रुंद रिम आणि नाण्याची तिसरी बाजू, म्हणजे काठ बघायचा. मॅट प्रूफचा काठ मात्र आरशासारखा असतो.

कोथरूडकर: लिंकन वेगळं प्रकरण आहे हो, मी इंडियन हेडबद्दल बोलतोय. आणि काठ काठ करताय, पण नाणं स्लॅबमध्ये, म्हणजे तपासणी कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, असलं तर जुन्या डब्यांत काठ झाकलेलाच असतो, तेव्हा काय फोडून बघणार?

मालवणी_तांबा: आपल्याकडे सगळे आरशाकडेच का धावतात सांगू? नजर ब्रिटिश इंडियाच्या मुंबई-कलकत्ता टांकसाळीच्या प्रूफ रिस्ट्राइकवर (जुन्या नाण्यांच्या नंतर पुन्हा मारलेल्या प्रतींवर) तयार झालीय, तिथे चकाकी बघूनच भाव ठरतो. तीच सवय सेंटवर चालवली की फसगत.

एडिसनची_ताई: तुम्ही दोघं रिम आणि आरशात अडकलात, पण काही सालांना डायच सांगते की हो. 1877 घ्या, साध्या नाण्यांची संख्या फक्त 8,52,500, म्हणून मागणी प्रचंड आणि नकलीही भरपूर. त्या सालच्या साध्या नाण्याच्या मागच्या बाजूला 'वन सेंट' या अक्षरांतल्या वन मधला एन उथळ आहे, आतल्या रेघा पुसट. प्रूफचा एन खोल, ठसठशीत. म्हणजे 1877 वर खोल एन दिसतोय पण रिम गोल आणि लस्टर गरगर फिरतंय, तर ते साधं अस्सलही नाही आणि प्रूफही नाही, कुणीतरी बनवलंय. इथे न्यू जर्सीच्या कॉइन शोमध्ये मी 1877 हातात घेतलं की आधी उलटं करते. आणि मिंटमार्कचं, म्हणजे टांकसाळीच्या खुणेच्या अक्षराचं, विसरू नका, 1908 आणि 1909 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांवर एस आहे, आणि प्रूफ सगळे फिलाडेल्फियाचे. एस असलेला इंडियन हेड कितीही चमकू दे, प्रूफ नाही.

कोथरूडकर: ताई, एनचा मुद्दा एकदम मान्य, पण तो एका सालापुरता. 1886 ते 1889 चं काय कराल? त्या वर्षांचे कित्येक प्रूफ घाईत काढल्यासारखे, आरसा अर्धामुर्धा. तिथे मी पैसे देणार नाही म्हणजे नाही. विकतानाही पुढचा माणूस आरसाच मागणार ना.

भिंगवाला: अहो, हेच तर माझं म्हणणं! आरसा अर्धामुर्धा आहे म्हणून 1880 नंतरचे खरे प्रूफ साध्या नाण्यांच्या भावात जातात, आणि घासूनपुसून चमकवलेलं साधं नाणं प्रूफच्या भावात. घासलेलं ओळखायला दहापटीचं भिंग पुरे, केसासारखे ओरखडे फील्डमधून सरळ अक्षरांच्या अंगावर चढलेले दिसतात. डाय पॉलिश केल्याच्या रेघा तशा नसतात, त्या उठावाच्या असतात आणि अक्षराच्या पायाशी थांबतात. भाव काय मिळेल ते बाजार ठरवेल, पण नाणं काय आहे ते टांकसाळीत मारलं तेव्हाच ठरलंय.

मालवणी_तांबा: माझ्याकडे 1889 चं एक आहे, स्लॅब नाही, पुढच्या बाजूला आरसा चांगला, मागे जवळपास नाहीच. दाणे पूर्ण.

एडिसनची_ताई: काठाचा फोटो टाका, चारही बाजूंनी, आणि मागची रिम जवळून. सरळ उजेडात नको, तिरक्या.

कोथरूडकर: आणि समोरून दिव्याखालचाही एक टाका, मला फील्ड बघायचंय.